काचेपलीकडची दहा अक्षरे

तोचिनाई स्टेशन म्हणजे एक फलाट, एक वेटिंग रूम आणि नारुमी सेत्सु, असे त्या खोऱ्यातली माणसे म्हणत, आणि त्यात फारसे चुकत नसत. रेल्वे कंपनीने सेत्सुला तिकिटे विकायला नेमले होते. तिकिटे विकून झाल्यावर उरणारा दिवस मोठा असे. त्या उरलेल्या दिवसात ती वेटिंग रूममधला कोळशाचा स्टोव्ह पेटता ठेवी, फलाटावरचे बर्फ फावड्याने बाजूला सारी आणि बागांमधून आलेली मार लागलेली सफरचंदे स्टोव्हच्या झाकणावर भाजत बसे. सफरचंदाची साल तडकली की खोलीभर जो गोड, किंचित करपट वास पसरे, तो हिवाळ्यात गाडीची वाट पाहणाऱ्या प्रत्येकाच्या कोटाला चिकटून घरापर्यंत जाई.

तिचा नवरा त्याच मार्गावर रूळ तपासणारा मुकादम होता. लांब दांड्याचा हातोडा घेऊन तो रुळांच्या सांध्यांवर ठोके देत चाले आणि नुसत्या आवाजावरून कुठला बोल्ट सैल झाला आहे ते सांगे. सेत्सु लग्न होऊन आली तेव्हा त्याने तिला एकदा सोबत नेले होते. दिवसभर चालून तिला सगळे ठोके सारखेच वाटले. दुसऱ्या हिवाळ्यात मात्र एका सांध्यापाशी ती आपणहून थांबली. त्याने पाना काढला आणि बोल्ट आवळला. त्या संसारातले सर्वांत मोठे कौतुक बहुधा तेच असावे. तो गेल्यावर हातोडा वेटिंग रूमच्या कोपऱ्यात उभा राहिला, आणि ऐकण्याची सवय तिच्यापाशी राहिली.

ती सवय मुलांच्या कामी आली. खोऱ्याच्या वरच्या वाड्यांमधली मुले तोचिनाईच्या प्राथमिक शाळेत येत आणि संध्याकाळच्या गाडीने परत जात. शाळा सुटल्यापासून गाडी येईपर्यंतचा वेळ त्यांनी वेटिंग रूममध्ये काढायचा, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले होते. त्या शाळेचा आठवडा ठरलेला असे. सोमवारी फळ्यावर दहा नवी अक्षरे. प्रत्येक अक्षर म्हणजे एक अख्खा शब्द: घोडा, हिमवर्षाव, वाट, आवाज. रोज घरी धडा मोठ्याने वाचायचा, घरातल्या मोठ्या माणसाने तो ऐकायचा आणि मुलाच्या चिठ्ठीवर आपला शिक्का उठवायचा. शनिवारी सकाळी दहा अक्षरांची परीक्षा. योजना चांगली होती. तिच्यात उणीव एवढीच की हिवाळ्यात त्या वाड्यांमधल्या घरांत ऐकायला माणूस नसे. बापे बांधकामांवर मजुरी करायला तोक्योला गेलेले, बायका खालच्या स्टेशनांवरच्या गोदामांत सफरचंदांची प्रतवारी करायला गेलेल्या. थकून आलेली आई धडा ऐकता ऐकता बसल्या जागी झोपून जाई.

तेव्हा मुले सेत्सुला धडा ऐकवू लागली. ती तिकिटाच्या खिडकीमागे बसून ऐके आणि मध्येच बोट वर करी.

"थांब. इथे काहीतरी सैल आहे."

"बरोबर तर वाचलं, सेत्सुआजी," तिसरीतला तोकुजी म्हणे. हा मुलगा वाद घालण्यासाठीच जन्माला आला होता, असे त्याची आई सांगे.

"वाचलंस बरोबर. पण तुला ते कळलं नाही. कळलेलं वाक्य असं पायात अडखळत नाही. पुन्हा वाच."

तोकुजी पुन्हा वाची, आणि बहुतेक वेळा दुसऱ्या खेपेस त्याच्या चेहऱ्यावर ते वाक्य उमटलेले दिसे.

ऐकून झाले की शिक्का हवा. सेत्सुचा शिक्का घरी देवघराच्या खणात असे. हाताशी असे ती तिकिटाला भोक पाडायची पक्कड. तिने चिठ्ठीच्या कोपऱ्याला तीच लावली. आठवड्याभरात अर्ध्या वर्गाच्या चिठ्ठ्यांना भोके पडली, आणि दुसरी-तिसरीच्या एकत्र वर्गाच्या शिक्षिका ओयामादाबाई गळपट्ट्यात तोंड लपेटून स्टेशनवर आल्या.

"नारुमीबाई, हे काय आहे?"

"ऐकल्याची खूण."

"पालकांचा शिक्का लागतो."

"पालक गाडीत असतात, बाई. गाडीत बसायचं तर तिकिटाला भोक लागतं. म्हटलं, मुलांनाही तेच."

ओयामादाबाई तरुण होत्या, शहरातून आलेल्या होत्या आणि नियम मोडण्याची त्यांना अजून सवय नव्हती. पण हसू दाबण्याची तर मुळीच नव्हती. त्या हसल्या, स्टोव्हपाशी बसल्या, अर्धे सफरचंद खाल्ले आणि जाताना म्हणाल्या, "भोक जरा सरळ पाडत जा. मुख्याध्यापकांना सरळ गोष्टी आवडतात."

अक्षरांचा सराव खिडकीवर होई. वेटिंग रूमची फलाटाकडची बाजू छोट्या छोट्या तावदानांची होती. स्टोव्हवरची किटली दिवसभर वाफ सोडे आणि काचा धूसर होत. मुलांनी आधी त्यांवर माकडे आणि मुख्याध्यापकांचे टक्कल काढले. सेत्सुने नियम केला: ज्याची त्याची काच ठरलेली, तिच्यावर या आठवड्याची दहा अक्षरेच काढायची, आणि गाडीची शिट्टी वाजली की ज्याने लिहिले त्याने पुसायचे. बोटाने लिहिलेले अक्षर काचेवर थोडा वेळ टिके, मग त्याच्या टोकांतून पाणी ओघळे आणि घोड्याचे पाय लांब होत होत चौकटीपर्यंत पोहोचत. मुलांना त्यात मजा वाटे. सेत्सुला मात्र दर वेळी थोडे थबकल्यासारखे होई. काल ज्या बोटाला केवळ नाक पुसणे ठाऊक होते, त्या बोटातून आज घोडा उतरत होता, आणि बोटाच्या मालकाला त्याचे काहीच वाटत नव्हते.

त्या हिवाळ्यात मिनाए आली. दुसरीत होती, आईबरोबर किनाऱ्याकडच्या कुठल्याशा गावाहून तोचिनाईतच मामाच्या रिकाम्या घरी राहायला आली होती. आई दोन स्टेशने खाली गोदामात कामाला. बाप तोक्योला गेला तो पैसे पाठवी, स्वतः येत नसे. मिनाए शाळेत एक शब्द बोलत नव्हती. वाचायला उभी केली तर उभी राही. बसवली की बसे. शनिवारी तिच्यापुढे परीक्षेचा कागद ठेवला जाई, ती पेन्सिल हातात धरी आणि वेळ संपल्यावर कोरा कागद दोन्ही हातांनी बाईंना परत देई. त्या परत देण्यात इतका आदर असे की रागावणेही अवघड होई, असे ओयामादाबाई सांगत.

स्टेशनवर ती आत येत नसे. आईची गाडी चुकेल या धास्तीने ती फलाटावरच, छपराखाली, खिडकीच्या अगदी टोकाच्या तावदानाला लागून उभी राही. गाडी यायला अवकाश असे, रूळ दूरवर रिकामे दिसत, तरी ती हलत नसे. सेत्सुने दार उघडून किती वेळा तरी बोलावले.

"ये गं आत. गाडी आली की मीच सांगते. गाडीला माझ्याकडूनच हिरवं निशाण घ्यावं लागतं, मला सोडून ती कुठे जाते?"

मिनाए मान हलवी. मग सेत्सु भाजलेले सफरचंद कागदात गुंडाळून तिच्या लोकरी हातमोज्यांतल्या हातांत ठेवी. मिनाए कमरेत वाकून आभार मानी आणि पुन्हा काचेकडे तोंड करून उभी राही.

"ती मुकी आहे का हो, आजी?" तोकुजीने विचारले.

"नाही."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मुकं माणूस ऐकताना ओठ हलवत नाही. तू वाचत होतास तेव्हा तिकडे बघ म्हटलं असतं, पण मग तू वाचायचा थांबला असतास. तुला निमित्तच हवं असतं."

जानेवारीतल्या एका शनिवारी ओयामादाबाई दुपारच्या गाडीची वाट पाहत स्टोव्हपाशी बसल्या होत्या. शाळा अर्धा दिवस; मुले आधीच्या गाडीने घरी गेलेली; एकटी मिनाए बाहेर, आईच्या गाडीसाठी. बाईंनी हात शेकता शेकता, सेत्सुकडे न बघता सांगितले, "तिला शहरातल्या शाळेत पाठवायचं ठरतंय. वसतिगृह आहे. अशा मुलांसाठीच आहे ते. मार्चअखेर निर्णय."

"अशा म्हणजे कशा?"

"ज्यांना शिकता येत नाही."

"तुम्हाला वाटतं तसं?"

बाईंनी शेकणारे हात मागे घेतले. "मला काय वाटतं ते कागदावर दाखवता येत नाही. माझ्याकडे तिचे कोरे कागद आहेत. एका आठवड्यात तिने एक जरी अक्षर काढलं असतं ना, तरी मी भांडले असते."

"आणि तिची आई?"

"आई म्हणाली, घरी बोलते ती. झोपेतसुद्धा धडे म्हणते. मुख्याध्यापक म्हणाले, प्रत्येक आई हेच सांगते." गाडीची शिट्टी झाली. बाई उठल्या. "आईच्या आवाजाला शिक्का नसतो."

गाडी गेली. सेत्सु काचा पुसायला उठली. दिवसभर वारा होता आणि पिठासारखे कोरडे बर्फ उडून काचांच्या बाहेरच्या अंगाला बसले होते. टोकाचे तावदान स्टोव्हपासून सर्वांत दूर. ते कुणाच्या वाटणीचे नव्हते, कारण त्यावर वाफ धरत नसे. सेत्सुने त्यावरून फडके फिरवले. त्यावर एक अक्षर होते. ते पुसले गेले नाही.

तिने पुन्हा फडके फिरवले. अक्षर तसेच. 'धनुष्य.' छोटे, तीन वळणांचे, तोल सांभाळून उभे असलेले. त्याच्या खाली 'घोडा', चारी पाय जागच्या जागी. त्याखाली 'वाट'. मग तिच्या ध्यानात आले की ही अक्षरे आतल्या अंगाला नाहीतच. ती बाहेरच्या बर्फाच्या थरात नखाने कोरलेली आहेत.

पहिला विचार तिच्या मनात आला तो साधा होता: मुले आतून लिहितात, ही बाहेरून त्यांवर बोट फिरवते. खेळ आहे. पण या काचेवर आतून कुणी कधी लिहीत नसे. शिवाय आज शनिवार. मुले खोलीत थांबलीच नव्हती.

सेत्सु शाल ओढून बाहेर आली. मिनाए फलाटाच्या कडेला, रुळांच्या दिशेने पाहत होती. सेत्सुने ते तावदान बाहेरून पाहिले आणि तिला ती अक्षरे वाचता येईनात. घोडा उलट दिशेला तोंड करून उभा होता. धनुष्याची पाठ पोटाच्या जागी आली होती. अक्षरांचा असा चेहरा तिने आयुष्यात पाहिला नव्हता. 'डोंगर', 'झाड' अशी काही अक्षरे असतात की ती कुठूनही बघा, सारखीच. पण घोडा उलटा काढायचा तर प्रत्येक रेघ मनातल्या मनात फिरवून घ्यावी लागते. हाताला जी सवय आहे तिच्या विरुद्ध जावे लागते. सेत्सु आत गेली. आतून घोडा सरळ होता. बाहेर आली. उलटा. स्टेशनची ती प्रौढ बाई दारातून तशी कितीदा तरी आत-बाहेर करत राहिली, आणि मिनाए आता रूळ सोडून तिच्याकडे पाहू लागली होती.

शेवटी सेत्सु आत खिडकीपाशी थांबली. आणि तिथे, हातातले ओले फडके तसेच धरून, तिला उलगडले. या मुलीने हे स्वतःसाठी लिहिलेलेच नव्हते. तिला स्वतःला दिसावे म्हणून लिहिले असते तर ते बाहेरून सरळ दिसले असते. आत जो कोणी असेल त्याला वाचता यावे, म्हणून तिने सगळे जग उलटे करून घेतले होते. आणि आत कोण होते? शनिवारच्या दुपारी, बाई गेल्यावर, आत एकटी सेत्सु होती.

देवळात गाभाऱ्याचे दार उघडते तेव्हा माणूस आपोआप मागे सरकतो, तशी ती काचेपासून एक पाऊल मागे सरली. मग पुढे होऊन तिने काचेवर 'धनुष्या'पाशी बोट टेकले आणि मोठ्याने वाचले, "धनुष्य." मग "घोडा." मग "वाट."

पलीकडे मिनाए जवळ आली. तिने हातमोजा दातांनी ओढून काढला, थराच्या कोऱ्या भागावर बोट ठेवले आणि लिहिले: 'आवाज'.

पुढे दोघींमध्ये काय चालले ते बाहेरच्या कुणाला कळण्यासारखे नव्हते. मुले आत धडे वाचत, सेत्सु नेहमीपेक्षा थोडे मोठ्याने वाचायला लावी. "आजी, तुम्हाला ऐकू कमी यायला लागलंय," तोकुजी म्हणाला. "हो, तुझ्या आवाजाने," सेत्सु म्हणाली. धडे संपले, मुले सफरचंदांवर तुटून पडली, की ती टोकाच्या काचेपाशी फडके घेऊन जाई. वारा असेल त्या दिवशी पलीकडे बर्फाचा थर असे, आणि थरावर अक्षर असे. सेत्सु ते वाचून दाखवी. कधी मुद्दाम चुकीचे वाची. तेव्हा मिनाए भुवया उंचावून अक्षरावर टकटक करी. ती टकटक पहिल्यांदा झाली तेव्हा सेत्सुला नवऱ्याच्या हातोड्याची आठवण झाली. मुलगी तिचा सैल बोल्ट दाखवत होती.

तिने ओयामादाबाईंना सांगितले. बाईंनी विश्वास ठेवला नाही, पण पुढच्या शुक्रवारी त्या आल्या. वारा सुटलेला होता. सेत्सुने त्यांना काचेपाशी उभे केले, आतली बाजू कोरडी पुसली आणि आठवड्याच्या यादीतला पहिला शब्द मोठ्याने म्हटला. बाहेर बोट हलले. बाईंच्या डोळ्यांपुढे, पांढऱ्यातून काळोख उघडावा तसे अक्षर उघडत गेले. दुसरा शब्द. तिसरा. बाईंचा हात नकळत तोंडावर गेला होता. दहाव्या अक्षराला त्या वाकल्या, आतून काचेवर श्वास सोडला आणि त्या धुरकट जागी, पलीकडच्या अक्षरांना वेढा घालून, बोटाने फुलाच्या पाकळ्यांचे मोठे वर्तुळ काढले. पैकीच्या पैकी गुण मिळाले की मुलाच्या कागदावर लाल शाईने उमटते ते. मिनाएने ते फूल बाहेरून पाहिले. तिने त्याच्या प्रत्येक पाकळीवरून बोट फिरवले.

"कागदावर का नाही लिहीत ती?" बाईंनी विचारले.

"कागदाच्या पलीकडे कोणी नसतं ना, बाई."

"कागदाच्या अलीकडे मी असते."

"ते तिला अजून माहीत नाही."

तासाभरात बर्फाचा थर वाऱ्यानेच झडून गेला. सोमवारी बाई मुख्याध्यापकांपुढे उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या हातात काहीच नव्हते. कासाई मुख्याध्यापक निवृत्तीला आलेले, भला माणूस. पण त्यांच्या खुर्चीला पुरावा लागे.

"पेपर कुठे आहे?"

"उडून गेला, सर."

"उडून गेला."

"बर्फावर होता."

मुख्याध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ओयामादाबाई, मी विभागाच्या अधिकाऱ्यांना काय लिहू? दहापैकी दहा, पण वाऱ्याने नेले?" मग बाईंच्या चेहऱ्याकडे पाहून ते जरा नरमले. "येत्या शुक्रवारी मी येतो. डोळ्यांनी पाहीन. पण त्यानंतर हा विषय नाही. मला निर्णय कळवायचा आहे."

तो शुक्रवार उजाडला तो पावसाचा. रात्रीतून वारा दक्षिणेकडून फिरला होता. छपरांवरचे बर्फ धपाधप खाली येत होते, फलाटावर चिखलाचे पाणी साचले होते, आणि वेटिंग रूमच्या काचा बाहेरून अगदी स्वच्छ, लख्ख धुतलेल्या होत्या. सेत्सुने सकाळपासून चार वेळा बाहेर जाऊन टोकाच्या तावदानाला हात लावून पाहिला. त्यावर थर नव्हता. तिने बादलीत बर्फ गोळा करून काचेवर थापून पाहिले. ते ओघळून गेले. पीठ भुरभुरावे का, असेही क्षणभर तिच्या मनात येऊन गेले, आणि आपण कुठवर आलो आहोत हे पाहून तिचे तिलाच हसू आले.

मुलांना तिने बजावले, "आज काचेवर माकडं नकोत."

"मुख्याध्यापक येणार म्हणून?" तोकुजीने विचारले. "मग टक्कलसुद्धा नको असेल."

मुख्याध्यापक रबरी बुटांतून पाणी झाडत आले. स्टोव्हपाशी बाकावर बसले. दिलेले सफरचंद त्यांनी मुलांसारखे दोन्ही हातांत धरून खाल्ले. दिवसभराचा थकवा आणि ऊब. त्यांचे डोळे जड होऊ लागले. ओयामादाबाई खिडकीपाशी ताठ उभ्या. बाहेर छपराखाली मिनाए, तिच्या टोपीच्या काठावरून पाणी ठिबकत होते. ती काचेकडे पाहत होती. काच रिकामी होती, आरपार. तिच्यातून ती आतली सगळी माणसे नुसतीच पाहू शकत होती, आणि ती तिला.

"आज हवामान नाही," मुख्याध्यापक सौम्यपणे म्हणाले. "तुमचा दोष नाही, नारुमीबाई. मी आलो, एवढं लक्षात ठेवा."

सेत्सुने कोरडे फडके घेतले, टोकाच्या तावदानाची आतली बाजू पुसली आणि तिथेच उभी राहिली. मग ती यादीतला पहिला शब्द बोलली, कारण शुक्रवार होता आणि गेल्या शुक्रवारी त्या जागी उभे राहून तिने तेच केले होते.

"हिवाळा."

मिनाए हलली नाही. तिची नजर सेत्सुवरून बाकावरच्या मुख्याध्यापकांकडे गेली आणि परत आली. मग तिने टाचा उंचावल्या, तोंड काचेच्या जवळ आणले आणि श्वास सोडला. गार काचेवर बशीएवढे धुके धरले. धुके विरायच्या आत तिने त्यावर लिहिले. उजवीकडून डावीकडे, उलटे, भराभर.

"हिवाळा," ओयामादाबाई पुटपुटल्या. आणि अक्षर गेले. काच पुन्हा स्वच्छ.

"काय होतं?" मुख्याध्यापक उठले होते.

"पुढे या, सर. ते थांबत नाही."

"पक्षी," सेत्सु म्हणाली.

श्वास. धुके. बोट. मुख्याध्यापक काचेला नाक लावून उभे होते. "पक्षी," त्यांनी वाचले, आणि वाचता वाचता पक्षी गेला. त्यानंतर ते यादीची वाट पाहत राहिले नाहीत. प्रत्येक अक्षर उमटताच ते मोठ्याने वाचू लागले, शाळेत पहिल्यांदा वाचणारे मूल वाचते तसे, अक्षर निसटेल या घाईने. सेत्सु शब्द म्हणे, मुलगी एक श्वास त्यासाठी खर्च करी, म्हातारा माणूस तो वाची, आणि काही उरत नसे. आत माणसांच्या श्वासाने धरणारी वाफ सेत्सु प्रत्येक अक्षराआधी पुसत होती. मागे मुले सफरचंदे विसरून गोळा झाली होती. तोकुजीसुद्धा वाद घालत नव्हता.

नववे झाले तेव्हा शिट्टी ऐकू आली.

सेत्सुने तिच्याकडे पाहिले. ही शिट्टी ऐकली की मिनाए काच सोडून फलाटाच्या कडेला धावे; त्यात कधी चूक झाली नव्हती. गाडीचा दिवा पावसातून पिवळा दिसू लागला. मिनाएने मान वळवली. तिच्या सगळ्या अंगाला रुळांकडे ओढ लागलेली काचेतून दिसत होती. आणि यादीत शेवटचे अक्षर उरले होते, दहाही अक्षरांत सर्वांत अधिक रेघांचे: दाराची दोन फळकुटांची चौकट आणि तिच्या आत एक कान. 'ऐकणे.'

सेत्सुला वाटले, म्हणू नये. नऊ पुरेत. पण अर्धवट ठेवणे हा त्या मुलीचा अपमान झाला असता.

"ऐकणे," ती म्हणाली.

मिनाएने श्वास सोडला. चौकटीचे एक फळकूट झाले, दुसरे झाले, आणि धुके कडांवरून आकसू लागले. आतला कान अजून यायचा होता. तिने बोट उचलले नाही. बोट तिथेच टेकवून ठेवून तिने पुन्हा खोल श्वास घेतला आणि दुसऱ्यांदा सोडला. विरत चाललेली चौकट परत उमटली, जिथल्या तिथे, आणि तिच्या आत तिने कान काढला. फलाट थरथरू लागला होता. मुख्याध्यापक नुसतेच त्या अक्षराकडे पाहत होते.

"वाचा, सर," ओयामादाबाई म्हणाल्या.

"ऐकणे," ते म्हणाले, आणि त्यांनी टोपी काढली.

मिनाए धावली. गाडीच्या दारातून तिची आई उतरत होती, डोक्याला रुमाल बांधलेली, हातात प्रतवारीत बाद झालेल्या सफरचंदांची पिशवी. मुलीने तिच्या कोटाला मिठी मारली आणि काहीतरी सांगू लागली. बराच वेळ सांगत होती. गाडीच्या गडगडाटात आत काही ऐकू येत नव्हते, ओठ दिसत होते.

सेत्सु हिरवे निशाण घेऊन बाहेर गेली, गाडी मार्गी लावून परत आली. मुख्याध्यापक अजून टोपी हातात घेऊन त्या स्वच्छ काचेपुढे उभे होते.

"अधिकाऱ्यांना काय लिहिणार, सर?" ओयामादाबाईंनी विचारले.

"लिहीन की ती इथेच शिकेल." त्यांनी काचेला बोटाने स्पर्श केला, आतून, जिथे ते अक्षर होते तिथे. "शहरात तिच्यासमोर काच कोण धरणार? तुम्ही आपल्या सुताराला सांगा. शाळेच्या मागे जुनं एक तावदान पडलंय. तिच्या बाकापुढे उभं करा. तुम्ही पलीकडे बसा."

"आणि परीक्षा? कागद नाही."

"मी वाचली ना." ते जरा रागावल्यासारखे म्हणाले. "मला वाचता येतं."

ते दोघे गेले. मुलेही नंतरच्या, वर जाणाऱ्या गाडीने गेली. स्टोव्हमधले निखारे राखेखाली मंद झाले होते. सेत्सुने सफरचंदांच्या बिया झाकणावरून झटकल्या, फडके वाळत घातले आणि दार ओढून घेण्यासाठी बाहेर आली. पाऊस थांबला होता. ती टोकाच्या तावदानापुढे, मुलगी उभी राही तिथे, उभी राहिली. इकडेतिकडे पाहिले. मग वाकून काचेवर श्वास सोडला आणि आतून वाचता येईल असे एक अक्षर काढायला गेली. तिने त्यातल्या त्यात सोपे घेतले: 'धनुष्य', तीनच वळणे.

पहिलेच वळण हाताने सवयीच्या बाजूला नेले. तिने पुन्हा श्वास सोडला आणि पुन्हा सुरुवात केली. दुसऱ्या वळणापाशी तिला कळेना, आता कुठे. धुके विरले. तिसऱ्यांदा तिने डोळे मिटून आतली बाजू मनात आणायचा प्रयत्न केला, स्टोव्हपाशी बसलेल्या स्वतःला पाहण्याचा, तिच्याकडे तोंड करून लिहिण्याचा. काहीतरी वाकडे-तिकडे उमटले. ते आतून कसे दिसते हे बघायला ती लगबगीने आत गेली, पण ती पोहोचेपर्यंत काचेवर काही नव्हते. पलीकडे फक्त रिकामा फलाट होता आणि ओल्या फरशीवर दोन लहान बुटांच्या जागा कोरड्या राहिल्या होत्या.